पूर्वीचा आजार : काही नाही

रिपोर्टात साडेतीन ओळी होत्या. भंडाऱ्याच्या लॅबच्या बाकावर बसून रीनाने त्या चार वेळा वाचल्या, आणि चारही वेळा तिला तेवढंच कळलं जेवढं रिपोर्ट हातात यायच्या आधी कळत होतं.

डोक्याच्या त्वचेतली गाठ. त्वचेतल्याच घामग्रंथींची साधी गाठ असू शकते. शरीरात दुसरीकडे असलेल्या कॅन्सरची इथे येऊन वाढलेली गाठ असू शकते. तुकडा कडांनी भाजलेला आणि चेंगरलेला असल्यामुळे नक्की सांगता येत नाही. खाली छापील रकान्यात साकोलीच्या डॉक्टरांनी भरून पाठवलेली माहिती जशीच्या तशी उतरवली होती. पूर्वीचा आजार : काही नाही.

रिपोर्ट इंग्रजीत होता. रीनाचं बीएस्सी झालेलं होतं, तेही प्राणिशास्त्र घेऊन, त्यामुळे शब्द अडले नाहीत. अडलं ते निराळंच. एका 'असू शकते' आणि दुसऱ्या 'असू शकते'च्या मध्ये तिची सासू अडकलेली होती, आणि सासू या घडीला गावी सानगडीत डोक्यावरची पट्टी पदराखाली झाकून रोहूचे तुकडे करत बसली असणार, हे रीनाला इथून दिसत होतं.

आणि ते 'काही नाही' तर धडधडीत खोटं होतं. ते सांगितलं गेलं तेव्हा रीना शेजारीच उभी होती.

सहा वर्षांपूर्वी बेबीबाईचा डावा स्तन नागपूरच्या दवाखान्यात काढला होता. कॅन्सर होता. रीना लग्न होऊन घरात आली त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तिलासुद्धा ती लग्नानंतर तीन महिन्यांनी कळली, देवानंदने तिला आधी त्रिवार शपथ घालून मग सांगितली तेव्हा. गावात सगळ्यांना माहीत होतं की बेबीबाईची पित्ताची पिशवी काढली. कारण बेबीबाई ढिवराची बायको. सासरा बुधराम तलावावर जाळं टाकायचा आणि बेबीबाई टोपलं घेऊन बाजारात बसायची. कॅन्सर झालेल्या बाईच्या हातची मासोळी कोण घेईल, असा तिचा सरळ हिशेब. कॅन्सर लागत नाही, हात लावल्याने तर नाहीच नाही, हे रीनाने तिला पाच पद्धतीने समजावून पाहिलं. बेबीबाईने पाचही वेळा ऐकून घेतलं आणि म्हटलं, "मले समजलं वं. गिऱ्हाइकाले कोन समजावते? तू बसशील काय बाजारात पुस्तक घेऊन?"

ब्लाउजच्या डाव्या बाजूला जुन्या लुगड्याच्या फडक्याची घडी आणि तोंडात पित्ताची पिशवी. सहा वर्षं असंच चाललं होतं.

डोक्यावरची गाठ सापडली ती त्रिशामुळे. अडीच वर्षांची पोर आजीच्या मांडीवर चढून तिच्या केसांत बोटं घालत होती, आणि म्हणाली, "आजी, बोर." रीनाने हात लावून पाहिलं. बोराएवढंच, कडक, आणि हलवलं तर न हलणारं. दुसऱ्या दिवसापासून तिने फोटो काढायला सुरुवात केली. दर रविवारी, शेजारी देवानंदच्या शर्टाचं एक बटण धरून, म्हणजे वाढ कळेल. त्रिशाला डास चावला तरी ती असेच फोटो काढायची. देवानंद म्हणायचा, "तुह्या मोबाईलमंधी माणसं कमी अन् फोडं जास्त." सहाव्या रविवारी बटण गाठीपेक्षा लहान दिसायला लागलं, तेव्हा ती सासूला घेऊन साकोलीला गेली.

साकोलीच्या डॉक्टरांनी गाठ दोन बोटांत धरून पाहिली. "चरबीची गाठ. दहा मिनिटांचं काम." मग फॉर्म पुढे ओढला. "पूर्वी काही आजार? ऑपरेशन?"

"पित्ताची पिसवी काहाडली," बेबीबाई म्हणाली.

रीनाने तोंड उघडलं, तोच टेबलाखाली बेबीबाईची टाच तिच्या पायाच्या बोटांवर आली. खोलीला दाराऐवजी पडदा होता आणि पडद्यापलीकडे बाकावर सानगडीच्या गिरजाबाई बसल्या होत्या. गिरजाबाई म्हणजे दर बाजाराला किलोभर रोहू नेणारं घर आणि त्याच फेरीत गावभर बातमी वाटणारं तोंड. रीनाने तोंड मिटलं. डॉक्टरांनी पिशवीसुद्धा लिहिली नाही. काही नाही, असंच लिहून टाकलं.

नंतर गाठ काढून झाल्यावर तो तुकडा बादलीत चालला होता. तो तपासायला पाठवा म्हणून रीनाने हट्ट धरला, तेव्हा डॉक्टर हातमोजे काढता काढता म्हणाले, "मॅडम, अशा आठवड्याला दहा काढतो मी. नेटवर वाचून येता तुम्ही लोक."

"तरी पाठवा."

तेवढं एक तिने केलं. बाकी तोंड मिटून उभी राहिली. आता बाकावर बसून तिला सासूचा राग येत होता, त्या डॉक्टरांचा येत होता, आणि या दोघांपेक्षा जास्त स्वतःचा.

ती उठली आणि आतल्या खोलीचं दार वाजवलं.

लॅबच्या डॉक्टर कापगते मॅडम मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्या होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "रिपोर्ट काउंटरवर मिळतो."

"मिळाला. मॅडम, त्यात पूर्वीचा आजार काही नाही असं लिहिलंय. ते खरं नाही."

मॅडमनी मान वळवली. रीनाने सांगितलं. सांगायला एक मिनिटही लागलं नाही, आणि त्या एका मिनिटाच्या गोष्टीसाठी आपण पंधरा दिवस घालवले हे तिला सांगता सांगताच कळत गेलं.

"सहा वर्षं झाली," मॅडम म्हणाल्या. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय."

"हो."

"शिकलेल्या दिसता तुम्ही."



मॅडमनी मग खुर्ची तिच्याकडे सरकवली. आवाज खाली आला होता. "हे बघा, चूक तुमची एकटीची नाही. पण मला माहीत असतं तर मी पहिल्याच दिवशी निराळं शोधलं असतं. स्तन म्हणजे तरी काय, घामग्रंथीच्याच जातीची ग्रंथी. त्यामुळे त्याचा कॅन्सर त्वचेत आला तर तो त्वचेतल्या साध्या गाठीसारखा दिसू शकतो. उलटही होतं. साधी गाठ अशी दिसते की माणसाने घाबरून जावं. फरक असतो तो कडेला. इथलीच साधी गाठ असेल तर पेशींच्या घोळक्याभोवती दुसऱ्या पेशींची एक ओळ असते, धानाच्या शेताला मातीच्या बांधाचा धुरा असतो तशी. बाहेरून आलेल्या गाठीला धुरा नसतो, ती वाट्टेल तशी पसरते. आता तुमच्या तुकड्यात मी धुरा शोधू कुठे? सगळ्या कडा जाळून ठेवल्या आहेत."

"मग दुसरा तुकडा घेता येईल?"

"काढायला शिल्लक काय ठेवलंय त्यांनी? नाही. आतल्या भागाचे अजून काही काप घेते मी. पण तुम्ही जुन्या ऑपरेशनचे ब्लॉक आणा. मेणाचे ठोकळे असतात, छोटे. तेव्हा काढलेल्या गाठीचे तुकडे त्यात बसवून ठेवतात. जुनं आणि नवं शेजारी ठेवलं, दोघांना एकच रंग दिला, तर बरंच कळेल."

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर उभं राहून रीनाने नागपूरच्या दवाखान्यात फोन लावला. एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने जेवणाची सुट्टी आहे म्हणून सांगितलं, तिसऱ्या बाईने मात्र नाव, साल विचारून घेतलं आणि खूप वेळाने परत येऊन म्हणाली, "ब्लॉक पेशंटला दिलेत, पुढची ट्रीटमेंट दुसरीकडे करायची म्हणून. चार ब्लॉक. घेणाऱ्याची सही आहे इथे, बुधराम."

मग तिने देवानंदला लावला. तो जवाहरनगरला फॅक्टरीत ठेकेदाराकडे कामाला होता, आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचा.

"ठोकळे? बाबाले विचार ना. मी तवा औषधाच्या लाइनीत उभा होतो," तो म्हणाला. "अन् तू टेन्शन नको घेऊ. साधीच असंन."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? डॉक्टर म्हणाला ना."

"कोणता डॉक्टर?"

"साकोलीवाला."

तिने फोन ठेवला. बस लागली होती.

घरी बेबीबाई अंगणात बसून उरलेल्या मासोळ्यांचे खवले काढत होती. त्रिशा जवळच मातीत भांडी मांडून बसली होती.

"काय म्हणते रिपोर्ट?"

"काही म्हणत नाही."

"मंग बरं हाये ना. खराब राहिलं असतं तं म्हणलं असतं."

रीना चप्पल काढायची थांबली. "आई, मी तिथल्या मॅडमले सांगतलं. खरं काय ते."

विळीवरचा हात थांबला. "कोन होतं तिथं?"

"कोणी नव्हतं."

"दार लावलं होतं?"

"आई, ती गाठ साधी हाये का कॅन्सर परत आला हाये, हे त्याहिले समजून नाही राहिलं. आपण खोटं लिहून दिलं म्हणून. अन् तुम्ही दाराचं काय विचारून राहिल्या?"

"तूच सांग, साकोलीत खरं सांगतलं असतं तं त्या डॉक्टरनं काय केलं असतं? नागपूरले धाडलं असतं. मी नागपूरले गेली म्हंजे गाव इचारते, कायले गेली? आता काय सांगू? पित्ताच्या दोन पिसव्या राहते काय कोनाले?"

रीनाला हसू येणार होतं. ते आलं असतं तर रडूही आलं असतं, म्हणून ती सरळ सपरीत, ओसरीवर बसलेल्या सासऱ्याकडे गेली.

बुधराम खांबाला पाठ टेकून फेकायचं जाळं दुरुस्त करत होता. जाळ्याच्या खालच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात, तो दोरा पाण्यात कुजून तुटला होता आणि तो नवा ओवत होता. बोलायचं काम त्याच्याकडे फारसं नसे. ते सगळं त्याने बाजाराबरोबर बायकोकडे दिलेलं होतं.

"बाबा, नागपूरच्या दवाखान्यातून तुम्हाले एक पाकीट दिलं होतं. मेणाचे ठोकळे."

"दिलं होतं."

"कुठं हाये ते?"

बुधरामने हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं. "मेन ना? पांढरं? लय चांगलं मेन होतं. सुताले लावलं."

"कशाले लावलं?"

"सुताले. ह्या जाळ्याच्या आधीचं जाळं नव्हतं काय, त्याच्या. त्या साली जंगलात मधाचं पोळंच नाई मिळालं. सुताले मेन नाई लावलं तं पानी पिते ते." आणि मग, सुनेचं तोंड पाहून, "कामून? पायजे होतं काय?"

रीना खांबाला धरून खाली बसली. "बाबा, त्या मेणात आईच्या अंगाचा तुकडा होता. जी गाठ काढली तिचा. तो पाहूनच आता समजनार होतं."

"माहीत हाये ना मले," बुधराम म्हणाला. "त्या बाईनं सांगतलं होतं देताना. तो कुठं लावला मी? तो ठेवला." त्याने जाळं बाजूला केलं आणि जरा समजावणीच्या सुरात, जसं एखाद्या नवख्याला सांगावं तसं सांगितलं. "मासोळी बरफात ठेवतो ना आपन? तसा त्याहीनं तुकडा मेनात ठेवला होता, खराब होऊ नये म्हनून. आता बरफ कामात घेतलं तं मासोळी फेकते काय कोनी?"

तो उठून आत गेला. छताखालच्या आडव्यावर शिशाचे मणी ठेवायचा पत्र्याचा डबा होता, तो घेऊन आला. मणी, जाळं विणायच्या दोन सुया, गळ, आणि सगळ्यांत खाली, चार घड्या घातलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, नखाएवढे चार पिवळट करडे चपटे तुकडे. मेण त्याने इतक्या बारकाईने सोलून काढलं होतं की एकाही तुकड्याची कड तुटलेली नव्हती. माशाचं कातडं काढणारा हात होता तो.

"घरातल्या मानसाचं हाये," तो म्हणाला. "फेकून कसं देईन."

 रीनाने नेटवर पाहिलेले ब्लॉक आठवून पाहिले. मेण एका प्लास्टिकच्या चौकटीवर बसवलेलं असतं. त्या चौकटीच्या काठावर नंबर असतो. नंबर नसेल तर हे तुकडे बेबीबाईचे, हे ठरवायचं कशावरून?

"बाबा, मेणाखाली प्लास्टिकची चौकट होती ना? जाळीजाळीची?"

बुधरामने हनुवटीने अंगणाकडे दाखवलं.

त्रिशा मातीचं पीठ चाळत होती. पिवळ्या रंगाची, आगपेटीपेक्षा लहान, नीट चौकोनी भोकांची चाळणी. ती चाळणी रीनाला चांगली ओळखीची होती. भातुकलीच्या सेटमधली असेल असं ती आजवर समजत होती. पोर सगळं तोंडात घालते म्हणून दर रविवारी ती बाकीच्या खेळण्यांबरोबर तिलाही गरम पाण्यात उकळत आली होती.

"कधी दिली तिले?"

"मागच्या दिवाळीले. पडूनच होत्या. चार होत्या, दोन हरवल्या तिनं."

रीना अंगणात गेली. त्रिशाने चाळणी पाठीमागे लपवली. "माही हाये."

"दे बेटा, मले पाहू दे."

"माही. पीठ चाळाचं हाये."

शेवटी स्वयंपाकघरातली चहाची गाळणी देऊन उरलेल्या दोन्ही चाळण्यांचा सौदा झाला. एका चाळणीच्या तिरप्या काठावर शिसपेन्सिलीने लिहिलेला नंबर उकळून, चावून, मातीत घासूनही अजून वाचता येत होता. दुसरीवर दातांच्या खुणा तेवढ्या होत्या. बेबीबाई हे सगळं विळीवरून पाहत होती.  माखलेले हात तसेच धरून तिने फक्त विचारलं, "हे माहं हाये काय? त्या डब्यात होतं ते?" आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा खवले काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी कापगते मॅडमनी ते चार तुकडे पांढऱ्या कागदावर मांडून बराच वेळ पाहिले.

"मेण कुठे गेलं?"

"जाळ्याला लावलं."

"कसल्या जाळ्याला?"

"मासे धरायच्या."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वीस वर्षं हे काम करतेय मी," त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. मग एक तुकडा चिमट्याने उचलून उजेडात धरला. "नशीब. तुकड्याच्या आत मेण मुरलेलं असतं, ते कोणाला काढता येत नाही. पुन्हा मेणात बसवते. नागपूरचा जुना रिपोर्ट आणलात ते बरं झालं. त्यावरचा आणि या चाळणीवरचा नंबर एकच आहे. पण चाळणी एक आणि तुकडे चार. चारही त्यांचेच, याची खात्री?"

"मॅडम, आमच्या घरात दुसऱ्या कोणाचं काही मेणात ठेवलेलं नाही."

"आठ दिवस लागतील. खास रंग नागपूरहून करून आणावे लागतात. आणि येताना त्यांना घेऊन या, मला गळा आणि काख हाताने तपासायची आहे."

ते आठ दिवस रीनाला घरातल्या माणसांनी नकोसे केले. देवानंद रोज फोन करून होऊन जाईल म्हणायचा. काय होऊन जाईल ते कधी सांगायचा नाही. बुधरामने तर आपण तुकडे नीट ठेवले म्हणून काम झालं, अशी समजूत करून घेतली आणि तो ते शेजारच्या धनीरामला सांगायला निघाला होता. कशाचे तुकडे, ते सांगायला लागेल, हे दारातच त्याच्या लक्षात आलं म्हणून फिरला. बेबीबाई बाजारात जात राहिली. गिरजाबाईने पट्टीचं विचारलं तर म्हणाली, फळीचा कोपरा लागला.

पण एक गोष्ट रीनाच्या नजरेतून सुटली नाही. त्रिशा दुपारी आजीच्या कुशीत झोपायची, ते बेबीबाईने बंद केलं होतं. पोर जवळ आली की तिला थोपटून बाजूच्या चटईवर लोटायची. रीनाने विचारलं तेव्हा म्हणाली, "अंगाले मलमाचा वास येते माह्या. पोट्टीले खोकला होईल." मलमाने खोकला होत नाही. कॅन्सरही लागत नाही. हे दोन्ही बेबीबाईला पाच वेळा समजावून झालेलं होतं. रीना दारात उभी राहून चटईकडे पाहत राहिली आणि तिला इतकी चीड आली की तिने विनाकारण धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

नवव्या दिवशी दोघी भंडाऱ्याला गेल्या. मॅडमनी बेबीबाईचा गळा तपासला, काखा तपासल्या, आणि दार आतून लावून फडक्याची घडी काढायला सांगून जुन्या जखमेची जागाही पाहिली. मग हात धुतले.

"हा तो आजार नाही," त्या म्हणाल्या. "डोक्यावरची गाठ तिथलीच होती. घामग्रंथींची, साधी. पूर्ण निघाली आहे."

 रीनाने सासूकडे पाहिलं. बेबीबाईच्या चेहऱ्यावर काहीही हललं नव्हतं.

"कशावरून?" बेबीबाईने विचारलं.

मॅडमनी तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. मग मायक्रोस्कोपजवळचं दुसरं स्टूल ओढलं. त्या मायक्रोस्कोपला समोरासमोर दोघांनी पाहायची सोय होती. "या. बसा. एक डोळा मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा. हे जुनं, नागपूरला काढलेलं. जांभळे ठिपके दिसतात? त्या पेशी."

बेबीबाई वाकली. बराच वेळ नुसती पाहत राहिली. "हे माहं?"

"हो."

"हे तं रांगा लावून चालले. एकामागं एक."

"बरोबर. आणि आता हे डोक्यावरचं."

काच बदलली. "हे घोळके करून बसले. चालून नाई राहिले." मग, जरा थांबून, "भोवताल काठ हाये याच्या."

"तोच पाहायचा होता. आतल्या कापांत सापडला. आणि दोघांना एकच रंग दिला, तर या काठाने तो धरला, त्या जुन्याने अजिबात धरला नाही."

"टोपल्यात शिंगी अन् मागूर सारखेच दिसते," बेबीबाई डोळा न काढता म्हणाली. "दोघाइले मिश्या, दोघंबी काळे. गिऱ्हाईक फसते. मी नाई फसत. शिंगीच्या पाठीवरचा पर इवलासा राहते, अन् मागूरचा शेपटीपर्यंत जाते. एकदा ते पाहून घेतलं म्हंजे झालं." ती सरळ झाली आणि पदर डोक्यावर ओढला. "वेगळी जात हाये. बरोबर सांगून राहिल्या मॅडम."

मॅडमनी हे प्रमाणपत्र गंभीरपणे स्वीकारलं. मग बजावलं की नागपूरची दरवर्षीची तपासणी दोन वर्षं चुकली आहे, ती याच महिन्यात करून घ्यायची, आणि यापुढे कोणत्याही डॉक्टरने पूर्वीचं विचारलं तर खरं सांगायचं. बेबीबाईने दोन्हीला मान डोलावली. रीनाला त्या मान डोलावण्याचा पूर्ण अनुभव होता.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. देवानंदचा फोन आला. "मी म्हणलं होतं ना," तो म्हणाला. रीनाने फोन सासूच्या हातात दिला. बेबीबाई मुलाला म्हणाली, "मी बी म्हणतच होती, चरबी हाये म्हनून."

"चरबी नाही, आई. घामग्रंथी."

"तेच ते."

रीना पुढच्या सीटच्या दांड्याकडे पाहत बसली. या घरात एकट्या तिलाच भीती वाटते, एकटीच धावते, आणि शेवटी सगळे बरोबर ठरतात. गाठ वाईट निघाली असती तरच ती शहाणी ठरली असती. तसं शहाणपण कोणाला हवं होतं? लाखनी मागे पडलं तरी तिचा राग उतरला नव्हता. त्या रागाबरोबर डोळ्यांतून पाणीही यायला लागलं होतं, आणि त्याचाही तिला रागच येत होता.

"रडून कायले राहिली?" बेबीबाई म्हणाली. "चांगलं झालं ना."

"काही नाही."

बेबीबाई खिडकीकडे वळली. मग बाहेर पाहतच म्हणाली, "तुह्या बोराच्या आधीपासून माहीत होतं मले. तवा वाटाण्याएवढं होतं. रोज बोटानं पाहत होती मी."

रीनाने मान वळवली. "कधीपासून?"

"धान रोवले तवापासून."

"म्हंजे माझ्या दोन महिने आधी. अन् सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं तं तू धावली असती."

"धावलेच ना शेवटी!"

"धावली. पन तेवढे दोन महिने तं बरे गेले ना सगळ्याइचे." ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. रीनाला जे सुचत होतं ते सगळं भांडणाचं होतं.

बस एका थांब्यावर थांबली, दोन माणसं चढली, पुन्हा निघाली.

"आई," रीनाने खालच्या आवाजात विचारलं, "आणखी कुठे काही हाये का? वाटाणा, मूग, काहीही. खरं सांगा."

"नाई."

"खरं?"

"नाई म्हणलं ना."

"तुमच्यावर माहा भरवसा नाही. घरी गेल्यावर मी स्वतः पाहीन. पाठ, काख, सगळं. अन् दर महिन्याले पाहीन."

सहा वर्षांत बेबीबाईने आपली डावी बाजू घरात कोणालाही, नवऱ्यालाही, पाहू दिलेली नव्हती. आंघोळीला ती पहाटेच जाऊन यायची. आता नाही म्हणेल, काहीतरी मलमाचं किंवा पिशवीचं कारण काढेल, म्हणून रीना तयारीतच बसली होती.

"पाहजो," बेबीबाई म्हणाली, आणि पुढच्या सीटवरच्या बाईकडे एकदा नजर टाकून आवाज उतरवला. "पन फोटू नको काढजो."